तरवाडीची हरकत

माणसं कादंबरी हातात घेतली की पहिलं पान उघडतात. काही लबाड शेवटचं उघडतात. महेंद्र आप्पा नकाशा उघडायचे. "ज्याला गाव कुठं हाय तेच सांगता येत न्हाई, तो गावातल्या माणसांचं काय सांगणार?" असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोडून काढायची हिंमत खुटबावात कुणाची नव्हती. आप्पा मोजणी खात्यातून रिटायर झालेले. एकतीस वर्षं त्यांनी दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या जमिनी मोजल्या. आधी साखळीने, मग शेतात टेबल मांडून, शेवटी उपग्रहाशी बोलणाऱ्या मशीनने. सख्खे भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी आप्पांनी बोटभर जमीन इकडची तिकडे केली नाही. हद्दीचे दगड बसेपर्यंत ते शेतकऱ्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. राहूच्या एका बागायतदाराने एकदा कपाऐवजी अख्खा थर्मास पाठवला, तो भरलेलाच परत गेला.

असा हा कोरडा माणूस साठीला टेकल्यावर राजे, राक्षस आणि उडते घोडे यांच्या नादाला लागला, यात थोडा दोष त्यांच्या बायकोचा होता. रिटायर झाल्यावर आप्पांनी पहिल्या महिन्यात घर मोजलं, दुसऱ्या महिन्यात अंगण मोजलं आणि तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या हद्दी ठरवायला घेतल्या. करुणाबाईंनी त्याच दिवशी लेकीला फोन लावला. "गौतमे, तुझ्या बापाला कसला तरी नाद लाव. न्हाईतर मी माहेरी निघाले."

गौतमी शिरूरला राहायची, तिकडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. पुढच्या रविवारी ती भीमा ओलांडून आली ती 'अग्निकड्याची गाथा' या कादंबरीचा पहिला खंड घेऊन. लेखकाचं नाव नुसतं 'प्रांजल', फोटो नाही. एकूण खंड नऊ व्हायचे होते, त्यातले सहा-सात वर्षांत चार निघाले होते. आप्पांनी नकाशा पाहिला. उत्तर दिशा दाखवलेली होती, प्रमाण दिलेलं होतं. ते खुर्चीत नीट बसले आणि जेवायला उठले नाहीत.

जादूचं त्यांना काही वाटलं नाही. "घोडा उडतो म्हणता? उडू द्या. तासाला किती कोस उडतो तेवढं एकदा ठरवा, मग आपलं काय म्हणणं न्हाई." घोडा तासाला बारा कोस उडत होता आणि पुढच्या तिन्ही खंडांत बाराच उडाला. आप्पांना लेखकाबद्दल आदर वाटायला लागला.

पण त्यांचा खरा जीव अडकला तो दुसऱ्या खंडात, पान दोनशे चौदावर. युवराज अरिंजय शत्रूपासून पळत असतो. अग्निकड्याच्या किल्ल्यापासून अर्ध्या कोसावर, तटाबाहेर, नदीच्या काठी अकरा झोपड्यांची एक वस्ती असते. तरवाडी. तिथले लोक सगळ्यांना नदीपार नेतात, आणि पलीकडे उतरलेला माणूस त्यांचा स्पर्श झाला म्हणून नदीतच हातपाय धुतो. तिथली सावी नावाची म्हातारी युवराजाला नावेत घालून पार करते. तो तिला बोटातली अंगठी देऊ लागतो. सावी म्हणते, अंगठी नको, राजा झालास तर आमच्या वाडीचं नाव तुझ्या नकाशावर घाल. तुम्ही लोक तटावरून रोज नदी बघता, पण आम्ही तुम्हाला दिसत नाही. युवराज शब्द देतो. चार पानांत सावी संपते आणि कादंबरी पुन्हा राण्यांच्या दागिन्यांकडे वळते.

ती चार पानं आप्पांनी तीनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. त्यांना आपल्या आजोळचा नकाशा आठवला. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी तो कुठूनसा मिळवला होता, भीमाकाठच्या एका खेड्याचा, जुना, कापडावर चिकटवलेला. त्यात देवळं होती, विहिरी होत्या, वेशीजवळचं चिंचेचं झाडसुद्धा होतं. ज्या वस्तीत त्यांची आई जन्मली ती वस्ती नव्हती. चिंच होती आणि आई नव्हती! त्या दिवशी पंचविशीतला महेंद्र ओव्हाळ फार चिडला होता, आणि त्या रागाच्या जोरावरच त्याने एकतीस वर्षं कुणाचं घर नकाशातून सुटू दिलं नाही.

आप्पांच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. वाचायला अर्थातच आप्पा, कारण त्यांच्या उच्चारात काना-मात्रा ढळत नसे. शेवटची सरणत्तयाची प्रार्थना म्हणून झाली की पोरंटोरं मोबाइलकडे पळत आणि चार म्हाताऱ्या पायरीवर बसून राहत. एकदा बोलता बोलता आप्पांनी त्यांना सावीची गोष्ट सांगितली. झालं! ऐंशीच्या पुढच्या रंभाआत्या तिथेच रुतल्या.

"राजाराणीचं ऱ्हाऊ दे म्हेंदर. ती नाववाली काय म्हणली त्ये परत सांग."

आप्पांनी परत सांगितलं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी चौकशी व्हायला लागली. "घातलं का रं त्या राजानं वाडीचं नाव?"

"अजून राजा झाला न्हाई, आत्या. तिसरा खंड चाललाय."

"मंग बिगी बिगी वाच की! मी काय नऊ खंड जगणार हाय व्हय?"

पाचव्या खंडात अरिंजय राजा झाला. राज्याभिषेक साठ पानांचा होता, जेवणातले पदार्थच चौदा पानं. तरवाडीचं नाव कुठे आलं नाही. "नव्या राजाला कामं आसत्यात," असं आप्पांनी रंभाआत्यांना समजावलं. सरकारी माणूस होते, दिरंगाई त्यांना समजायची.

मग सहावा खंड आला, आणि त्यात नवा कोरा रंगीत नकाशा. आप्पांनी हात धुऊन, पुसून तो उघडला. डोंगर पाहिले, किल्ला पाहिला आणि किल्ल्यापासून अर्ध्या कोसावर बोट नेलं. बोट नदीत गेलं.

तरवाडी नव्हतीच. जिथे ती हवी होती तिथून नदी वाहत होती. आप्पांनी कपाटातली पट्टी, कर्कटक आणि टोक केलेली पेन्सिल काढली. दुसऱ्या खंडात किल्ल्याकडून येताना वस्ती आधी येते, तिच्या पलीकडे, पश्चिमेला, नदी. सावीच्या दारातून सूर्य नदीपलीकडे मावळतो असं पान दोनशे पंधरावर स्वच्छ लिहिलंय. सहाव्या खंडात मात्र ही अर्ध्या कोसाहून रुंद नदी अर्धा कोस सरकून तटाखाली आली होती आणि वस्तीच्या डोक्यावरून चालली होती. वर याच नदीत, तटाखाली, शत्रूचं चाळीस हजार घोडदळ अडकून बुडालं होतं. लढाईची एकशे दहा पानं आप्पांनी वाचली, पण त्यांना मजा येईना. ज्या पाण्यात घोडे बुडत होते त्या पाण्याच्या जागी सावीची चूल होती.

तीन दिवस ते पुन्हा पुन्हा पट्टी लावून मोजत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी कागद घेतला.

"प्रति, मा. लेखक महोदय/महोदया (जे लागू नसेल ते खोडावे). विषय: खंड सहा, नकाशा क्रमांक दोन यातील चुकीबाबत हरकत. उपरोक्त विषयी अर्ज सादर करतो की, सदर नकाशात नदीचे पात्र मूळ जागेपासून पूर्वेस अर्धा कोस सरकलेले दिसते. त्यामुळे मौजे तरवाडी ही पूर्ण वस्ती पात्रात जात आहे. वस्तीतील रहिवाशांना नोटीस दिल्याचे अथवा त्यांचे म्हणणे ऐकल्याचे खंड तीन ते सहामध्ये कोठेही आढळत नाही. तरी सदर नकाशाची फेरमोजणी होऊन चूक दुरुस्त व्हावी, ही विनंती. सोबत: मोजणी नकाशा एक प्रत, प्रमाण एक सेंटिमीटरला पाव कोस."

करुणाबाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि कपाळावर हात मारला. "आवं, पण ते सगळंच खोटं हाय ना?"

"खोटं आसंल. म्हणून काय चुकीचं आसावं?"

आप्पांनी प्रकाशकाच्या पत्त्यावर रजिस्टर टपाल केलं आणि पोचपावती फायलीला लावली.

दीड महिन्याने उत्तर आलं. वर त्यांच्याच अर्जाची झेरॉक्स होती आणि तिच्यातलं 'महोदय' लाल शाईने व्यवस्थित खोडलेलं होतं. खाली चार ओळी: "आपली हरकत शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या एकाही वाचकाच्या हे लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. सातव्या खंडात ही चूक मी नक्की दुरुस्त करीन. आपला मोजणी नकाशा भिंतीवर लावला आहे. – प्रांजल."

आप्पांनी त्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन पेढे आणले. नोकरीत कायम झाले तेव्हाही आणले नव्हते. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर रंभाआत्यांच्या हातावर पेढा ठेवत ते म्हणाले, "मान्य झाली आत्या. हरकत मान्य झाली!"

"म्हंजी नाव घालणार?"

"लेखी दिलंय."

"मंग झालं तर," रंभाआत्या म्हणाल्या आणि पेढा तोंडात टाकला.

लेखी दिलेल्यावर माणसाचा इतका विश्वास असतो हे आप्पांच्या नोकरीचं फळ म्हणायचं की वैगुण्य, ते ज्याने त्याने ठरवावं. सातवा खंड निघायला पावणेदोन वर्षं लागली. तेवढ्या काळात रंभाआत्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दोनदा छातीत कळ येऊन गेली. प्रत्येक वेळी दवाखान्यातून परतल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, आणि आप्पा म्हणत, "छपाईला गेलाय आत्या, आता येईलच."

खंड आला तो रविवारी, गौतमीच्या पिशवीतून. ती दारातूनच ओरडत आली. "आप्पा! तुमचं नाव छापलंय!"

शेवटच्या पानावर ऋणनिर्देश होता. "सहाव्या खंडातील नकाशाची गंभीर चूक काटेकोर मोजणी करून दाखवून देणारे श्री. महेंद्र म्हाळू ओव्हाळ, मु. पो. खुटबाव, ता. दौंड, यांची मी कायमची ऋणी आहे. हा खंड त्यांच्या हरकतीतून उभा राहिला." करुणाबाईंनी ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि डोळ्यांना पदर लावला. गौतमीने पानाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. आप्पा अजून चष्मा शोधत होते तोवर संपत येऊन उभा राहिला.

संपत शेवंती करायचा, गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष होता, आणि सात वर्षं आप्पांशी बोलत नव्हता, कारण आप्पांच्या मोजणीत त्याची दोन फूट जमीन चुलत्याकडे गेली होती. आज त्याने वाकून नमस्कार केला. "आप्पा, झालं गेलं जाऊ द्या. आवं, खुटबावचं नाव पुस्तकात आलं! शनिवारी सत्कार. हार आपल्या मळ्यातला." पुस्तकात काय आहे हे त्याने विचारलं नाही. वाचनालयाचा अध्यक्ष असल्याने त्याला तशी सवय नव्हती.

सगळे गेल्यावर आप्पांनी पट्टी काढली आणि नकाशा उघडला.

नदी होती तिथेच होती, तटाखाली. आप्पांना वाटलं आपण चुकून सहावाच खंड उघडला. मग त्यांना तिच्या पश्चिमेला एक बारीक तुटक रेघ दिसली. रेघेवर इवल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जुने पात्र'. त्यांनी कर्कटक लावलं. तुटक रेघ बरोबर तिथे होती जिथे त्यांनी आपल्या मोजणी नकाशात नदी दाखवली होती. केसभरही फरक नव्हता. इतकं चोख काम त्यांनी आपल्या हाताखालच्या पोरांकडूनही कधी करून घेतलं नव्हतं.

त्यांनी पहिलं प्रकरण उघडलं.

"राज्याभिषेकाच्या साली महापुरात नदीने पात्र बदलले व ती किल्ल्याच्या तटाखाली आली. काठावरची तरवाडी नावाची अकरा झोपड्यांची वस्ती वाहून गेली. नाव दुसऱ्या दिवशी सापडली. सावी सापडली नाही." यापुढे राणीच्या डोहाळजेवणाचं वर्णन सुरू होत होतं.

चार वाक्यं. आप्पा ती वाचत राहिले. हिशेब त्यांना लगेच कळला, तोच तर त्यांचा धंदा. सहावा खंड छापून घरोघर गेलेला. तटाखालच्या नदीत चाळीस हजार घोडदळ बुडून बसलेलं, त्यावर एकशे दहा पानं खर्ची पडलेली. चूक दुरुस्त करायची तर एक नदी हलवा, नाहीतर एक वस्ती. चाळीस हजार घोडे बाहेर काढण्यापेक्षा अकरा झोपड्या आत ढकलणं सोपं. लेखिकेने कुठेही खोटं लिहिलं नव्हतं. आता दुसरा खंड खरा होता, सहावा खरा होता, सातवाही खरा होता. सगळं जुळत होतं.

त्यांनी शिरूरला फोन लावला. गौतमीने घरी पोचून आपल्या प्रतीत तेच प्रकरण वाचलं होतं, आवाजावरून कळत होतं.

"आप्पा, दुसरी हरकत टाका. मी टाइप करून देते."

"कशावर टाकू? नकाशा बरोबर हाय."

"पण त्यांनी सावीला मारलं!"

"त्यांनी न्हाई गं मारलं." आप्पा म्हणाले. "मी अर्ज केला म्हणून मारली. सहाव्या खंडापोतर ती नुसती नकाशात नव्हती. कुणाच्या ध्यानातच नव्हती, म्हणून जिती होती. मी बोट ठेवलं तिच्यावर."

गौतमी काहीतरी समजुतीचं बोलत राहिली. आप्पांना काही ऐकू गेलं नाही. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं की नकाशा बरोबर केला की माणसाला त्याची जागा मिळते. आता त्यांच्या मांडीवर एक बिनचूक नकाशा होता आणि त्यांना रडू येत होतं.

शनिवारी समाजमंदिर भरलं. सातवा खंड टेबलावर, त्याला शेवंतीचा हार. आप्पांच्या गळ्यात दुसरा, अंगावर शाल. करुणाबाई ठेवणीतलं पातळ नेसून पहिल्या रांगेत. संपतने भाषणात सांगितलं की खुटबावचा डंका आज अग्निकड्यावर वाजला, आणि शासनाने याची दखल घ्यावी. शासनाने नेमकी कशाची दखल घ्यायची ते त्याने सांगितलं नाही, पण टाळ्या पडल्या. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. रात्रंदिवस विचार करून त्यांनी ठरवलं होतं की आज सगळं खरं सांगायचं. मोजणी माझी, पूर माझ्यामुळे आला, हा हार काढून घ्या. एकतीस वर्षं खरं तेच लिहिलं, आता बुडवू का नाव?

ते उठले. "उपस्थित बंधू-भगिनींनो, जय भीम," इतकं म्हणाले.

"म्हेंदर, भाषण ऱ्हाऊ दे!" पहिल्याच रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून रंभाआत्यांचा आवाज आला. हसं पिकलं. आत्यांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. "एवढंच सांग. घातलं का त्या नाववालीच्या वाडीचं नाव?"

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. ऑपरेशननंतरचा जाड चष्मा, त्यामागे मोठे झालेले डोळे. घास मागणाऱ्या पोरासारख्या त्या बघत होत्या. पाच वर्षं ही बाई त्या चार पानांवर जगली होती.

"दुरुस्ती झाली, आत्या," आप्पा म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

"मंग दाखव की मला."

आप्पा टेबलापाशी गेले. हार बाजूला करून त्यांनी पुस्तक घेतलं आणि खाली उतरून आत्यांच्या मांडीवर नकाशा उघडून धरला. आत्यांना अक्षर येत नव्हतं. नुसते डोंगर, रेघा, रंग. आप्पांनी त्यांचं सुरकुतलेलं बोट हातात घेतलं. पट्टी लागली नाही, जागा पाठ होती. किल्ल्याच्या पश्चिम दरवाजापासून अर्धा कोस. तिथे त्यांनी ते बोट टेकवलं.

"हितं."

"हितं व्हय?" आत्यांनी बोटाने ती जागा हळूच चोळली. मग चष्मा सारखा करून वाकून पाहिलं. "आन् ह्ये निळं निळं काय हाय?"

"नदी."

रंभाआत्यांनी त्या निळ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग मान हलवून समाधानाने म्हणाल्या, "बेस झालं. पाण्याला जवळ दिली जागा."